निकेल कुठून आलं?

दिल्लीत हवेबद्दल सगळेच बोलतात. पाण्याबद्दल उन्हाळ्यात बोलतात. मातीबद्दल कोणी बोलत नाही, कारण माती खोकायला लावत नाही आणि तिचा आकडा रोज सकाळी मोबाईलवर येत नाही. त्यामुळे कादंबरी टिळेकर नक्की काय काम करते, हे तिच्या नातेवाइकांना अजून कळलेलं नव्हतं. तिच्या सासूबाई पुण्यात सांगायच्या, "सून दिल्लीत मातीचे रिपोर्ट करते." ऐकणारी बाई लगेच आपल्या सातबाऱ्यावरच्या चुलत दिराच्या नावाची अडचण काढायची.

काम तसं सोपं होतं. एखाद्या जमिनीवर शाळा, मॉल किंवा फ्लॅट बांधण्याआधी, तिथे पूर्वी असलेल्या माणसांनी तिच्या पोटात काय काय ओतून ठेवलंय ते शोधायचं. सुरुवात नेहमी एकाच प्रश्नाने व्हायची: इथे आधी काय होतं? आणि मानेसरपासून नोएडापर्यंत उत्तरही एकच यायचं: "कुछ नहीं था जी, खेत थे." अशा शेतांमधून जुन्या बॅटऱ्यांचं शिसं, ट्रान्सफॉर्मरचं तेल आणि चामड्याच्या कारखान्याचा गाळ वर आलेला कादंबरीने पाहिला होता. पिकं फक्त कुठे दिसली नव्हती.

यमुनातीर महाराष्ट्र समाजाचं काम तिच्याकडे आलं ते कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कँटीनमध्ये, थालीपीठ खाताना. समाज फरीदाबादचा. यमुना तिथून बरीच लांब होती, पण जवळ जो नाला होता त्याचं नाव लेटरहेडवर शोभलं नसतं. अध्यक्ष होते निवृत्त सुभेदार मेजर खंडेराव जाचक. मूळचे इंदापूर तालुक्यातले. नोकरी संपली तेव्हा दिल्ली कँटमध्ये होते, मुलं इथल्या शाळेत रुळली होती, म्हणून फरीदाबादलाच घर केलं. बरोबर समाजाचा सेक्रेटरी जयेश. तो इथेच जन्मलेला. मराठी उत्तम बोलायचा, फक्त मधूनमधून एखाद्या शब्दापाशी येऊन थांबायचा आणि शेजारच्या भाषेत शिरायचा.

"ताई, समाजाचा एक प्लॉट आहे, इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला," खंडेराव म्हणाले. "तिथे आपल्या यूपीएससीच्या पोरांसाठी हॉस्टेल बांधायचंय. मुखर्जीनगरात एका खोलीत चार-चार जण राहतात. एक फाउंडेशन पैसे द्यायला तयार आहे. त्यांची अट एकच. माती स्वच्छ आहे असा दाखला."

"आणि नसली तर?"

"नसली तर ज्याने घाण केली त्याने साफ करून द्यायची. मग हॉस्टेल." खंडेराव पुढे झुकले. "ती कोणी केलीय हे मी तुम्हाला आत्ताच सांगतो. रिपोर्ट तसा तयारच आहे. फक्त आकडे आणि तुमची सही लागेल."

"आकडे अजून मिळालेच नाहीत, सुभेदारसाहेब."

"मिळतील. भाटी शेजारी आहे म्हटल्यावर मिळणारच."

सतबीर भाटीचं वर्कशॉप प्लॉटच्या मागच्या भिंतीला लागून होतं. नळ, शॉवर, टॉवेलच्या दांड्या. पितळेवर आधी निकेलचा आणि मग क्रोमचा मुलामा द्यायचा धंदा. त्याच्याविरुद्धची प्रदूषण मंडळाकडे द्यायची तक्रार जयेशच्या फोल्डरमध्ये टाईप होऊन पडलेली होती. मोकळी जागा एकच होती: 'सोबत जोडलेल्या तज्ज्ञ अहवालानुसार'. अहवाल जोडला की वर्कशॉपला सील लागणार, हे जयेशने चौकशी करून ठेवलं होतं.

"बिल्कुल लगेच सील करतात ताई, आजकल फार स्ट्रिक्ट आहेत," तो म्हणाला.

कादंबरीने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. प्लॉटवर आधी काय होतं?

"काहीच नाही," खंडेराव म्हणाले. "रिकामा प्लॉट. वर्षातून एकदा आपला कार्यक्रम असतो, तेवढाच."

"कसला?"

"धार्मिक."

"एकदम इको-फ्रेंडली कार्यक्रम," जयेश म्हणाला. "त्याचं अवॉर्डपण मिळालंय आपल्याला."

कादंबरीच्या डोळ्यांसमोर सत्यनारायण आणि पत्रावळी आल्या. तिने वहीत लिहिलं: जमिनीचा पूर्वीचा वापर, काही नाही.

*

पहिल्या दिवशी तिने प्लॉटवर ठिकठिकाणी ऑगर घातला. ऑगर म्हणजे जमिनीत पिळत न्यायचा मोठा लोखंडी स्क्रू. वर येताना तो खालची माती घेऊन येतो. मातीच्या प्रत्येक ढिगाला ती हातातल्या यंत्राचं तोंड लावत होती. यंत्र पिस्तुलासारखं दिसायचं. एक्स-रे सोडून मातीत कुठले धातू आहेत ते तिथल्या तिथे सांगायचं. पक्के आकडे प्रयोगशाळेकडून यायचे ते येतच, पण जागेवर उभं राहून अंदाज घ्यायला ते बरं होतं.

खंडेरावांनी ते हातात घेऊन पाहिलं. "रेंज किती?"

"दोन मिलिमीटर."

त्यांनी ते परत दिलं.

प्लॉट स्वच्छ निघाला. इतका स्वच्छ की कादंबरीला जरा निराशाच वाटली, जशी डॉक्टरांना धडधाकट पेशंट पाहून वाटत असावी. मग मागच्या भिंतीजवळ, भाटीच्या बाजूच्या कोपऱ्यात, पिस्तूल अचानक बोलायला लागलं. शिसं भरपूर. क्रोमियम भरपूर. कॅल्शियम आणि गंधक तर विचारूच नका. ऑगरच्या पात्याला पांढरे, खडूसारखे गोळे चिकटून वर आले.

"क्रोमियम!" खंडेराव म्हणाले. "भाटी क्रोमचंच काम करतो. संपला विषय. जयेश, फोल्डर."

"थांबा," कादंबरी म्हणाली.

तिच्या कामातला हा तिचा आवडता क्षण. कोणी काहीतरी ठाम सांगितलेलं असतं, आणि माती दुसरंच काहीतरी पुटपुटत असते. भाटी क्रोम लावतो हे खरं, पण त्याच्याआधी निकेल लावतो. त्याच्याकडून पाणी झिरपलं असतं तर क्रोमियमबरोबर निकेल यायलाच हवं होतं. इथे निकेलचा पत्ता नव्हता. आणि हे एवढं शिसं? क्रोमच्या टाकीत शिशाच्या पट्ट्या टांगलेल्या असतात, पण त्यांतून इतकं शिसं यायचं तर भाटीने पट्ट्याच इथे पुरायला हव्या होत्या.

घरी जाऊन तिने आकडे एकाखाली एक मांडले. प्रत्येक ठिकाणी शिसं क्रोमियमच्या साधारण चौपट. कमी तिथे दोन्ही कमी, जास्त तिथे दोन्ही जास्त. हातात हात घालून फिरणारं जोडपं. असं जोडपं तिच्या ओळखीचं होतं: लेड क्रोमेट. म्हणजे पिवळा रंग. ट्रकच्या मागे रंगवतात तो, रस्त्यावरच्या पट्ट्यांचा तो, हळदीपेक्षा पिवळा.

फरीदाबादच्या एका रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यात कोणी पिवळा रंग का पुरून ठेवेल, हे तिला कळेना. आणि न कळण्याइतकं सुख तिला दुसऱ्या कशात नव्हतं. रात्री नवऱ्याने विचारलं, "काय झालं? हसतेयस का?" ती म्हणाली, "शिसं सापडलं." त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

*

दुसऱ्या दिवशी ती भाटीकडे गेली. खंडेरावांना न सांगता. सांगितलं असतं तर ते बरोबर आले असते.

वर्कशॉपमध्ये एका टाकीत हिरवं पाणी, एकीत गर्द नारिंगी. तारेला टांगलेले नळ एका टाकीतून दुसरीत जात होते आणि बाहेर येताना आरशासारखे चमकत होते. बघत राहावं असं होतं ते. कादंबरी बघत राहिली.

"मैडम, पहले चाय," भाटी म्हणाला. पांढरा कुर्ता, भरघोस मिशा, आणि खुर्चीला पुरून उरणारा देह. चहा येईपर्यंत त्याने सगळं ओळखलं होतं. "सूबेदार साहब ने भेजा है?"

"मी स्वतःच आले. माती तपासतेय, म्हटलं शेजाऱ्यांनाही विचारावं." हे तिने हिंदीत सांगितलं.

"देखो जी, आप मराठी लोग झगड़ा भी लिख के करते हो. हम मुँह पे दो गाली देते हैं, शाम को साथ बैठ लेते हैं. सूबेदार साहब चिट्ठी लिखते हैं, और सात जगह कॉपी भेजते हैं. सड़क के गड्ढे पे भी लिखी थी. गड्ढा वहीं है, चिट्ठी का जवाब आ गया."

कादंबरीला हसू आलं. तिने ते चहात बुडवलं. "तुमचं टाक्यांचं पाणी कुठे जातं?"

"नाले में."

"शुद्ध करून?"

भाटीने छताकडे पाहिलं. "अब तो करते हैं जी." 'अब' वर त्याने जरा जास्तच जोर दिला. मग चहाचा उरलेला घोट त्याने सरळ फरशीवर ओतला. चहाची रेघ समाजाच्या भिंतीकडे पाठ फिरवून गेटकडे, रस्त्याकडे, नाल्याकडे निघाली. "ढलान देख लो. हमारा गंदा पानी उनकी तरफ़ जा ही नहीं सकता. जाता तो मान लेता. कसम से."

उतार तिने मोजून पाहिला. खरा होता. आजवर ऐकलेल्या खुलाशांमध्ये तिला हा सगळ्यात प्रामाणिक वाटला. माणूस निर्दोष आहे असं त्याचं म्हणणंच नव्हतं. गुन्हा दुसऱ्या दिशेने केलाय, एवढंच होतं.

निघताना भाटीचा आवाज उतरला. "मैडम, सील लग गई तो फिर खुलती नहीं. बगल वाले रंधावा की आज तक नहीं खुली. लड़के गाँव चले गए उसके. आप जो है सो लिखना. ना कम, ना ज़्यादा. इन लोगों से हमारा बैर थोड़े है, गणेश जी में तो हम भी जाते हैं."

शेवटच्या वाक्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती फरशीवरचा चहा बघत होती.

*

दुसऱ्या फेरीत तिने त्या कोपऱ्यात जवळजवळ भोकं घेतली. पुन्हा तेच: शिसं, क्रोमियम, पांढरे गोळे. निकेल नाही, निकेल नाही, निकेल नाही. आणि मग एका भोकात, कमरेइतक्या खोलीवर, ऑगर कशालातरी अडला, किंचाळला आणि पुढे गेला. वर आलेल्या मातीत पिस्तुलाने निकेल दाखवलं. साधंसुधं नाही, मुबलक.

खंडेराव मागेच उभे होते. त्यांना यंत्राचं काही कळत नव्हतं, पण कादंबरीचा चेहरा त्यांना कळला.

"निघालं ना?"

"एका ठिकाणी निघालं."

"एका ठिकाणी पुरे. चोराचं एक बोट सापडलं की हात त्याचाच असतो." त्यांनी फोन काढला. "जयेश, सोमवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसात जायचंय. हो. निकेल. नाही रे, निकेल, धातू असतो एक."

कादंबरी माती बोटांत चोळत होती. तिच्यात चमचमते कण होते. पिस्तूल निकेलच्या खाली क्रोमबरोबर तांबं आणि जस्तही दाखवत होतं. तांबं आणि जस्त म्हणजे पितळ, त्यावर निकेल, त्यावर क्रोम. हे पाण्यातून झिरपत आलेलं नव्हतं. ऑगरने खाली असलेली एखादी वस्तू कातरली होती, आणि ती वस्तू भाटीच्याच टाकीतून निघाली होती. आता गंमत अशी, की एका बाजूला भाटीविरुद्ध हवा तो पुरावा तिच्या हातात होता, आणि दुसऱ्या बाजूला तो कशाचा आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"साहेब, सोमवारच्या आधी इथे खणूया," ती म्हणाली. "चर घेऊन बघू. खाली नक्की काय आहे ते."

"कशाला? निकेल निघालं ना."

"निघालं. पण उद्या भाटीच्या वकिलाने विचारलं की कुठून आलं, तर मी काय सांगू? नाव निकेल, गाव माहीत नाही?"

हे खंडेरावांना पटलं. साक्षीदारांसमोर पुरावा काढायची कल्पना तर त्यांना इतकी पटली, की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निमंत्रण पडलं: रविवारी सकाळी प्लॉटवर. सहकुटुंब. अल्पोपहाराची सोय केली आहे.

*

रविवारी प्लॉटवर घडीच्या खुर्च्या आल्या. इंदुमतीकाकूंनी, म्हणजे समाजाच्या महिला विभागाच्या प्रमुखांनी, पोह्यांचं पातेलं आणलं. लहान मुलं जेसीबीभोवती फिरत होती. भिंतीपलीकडे भाटी ड्रमवर चढून उभा होता, आणि त्याची फक्त मिशी आणि वरचं दिसत होतं. कोणी त्याला नमस्कार केला नाही. इंदुमतीकाकूंनी जयेशच्या हातून पोहे मात्र पाठवले.

जेसीबीने वरची माती काढली. मग पांढरा थर लागला. ओल्या खडूसारखा, कापला की ढेकळं पडणारा. कादंबरीने एक ढेकूळ हातात घेऊन त्याला पिस्तूल लावलं. गंधक आणि कॅल्शियम. जिप्सम. म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. हा विचार तिच्या डोक्यात पूर्ण व्हायच्या आतच जेसीबीच्या दातांमधून एक हात वर आला.

गुलाबी, गुबगुबीत, तळवा समोर करून आशीर्वाद देणारा हात.

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या आणि हात जोडले. "मैं नहीं खोदूँगा जी. इसमें भगवान हैं."

 मग कादंबरीने हळूच विचारलं, "सुभेदारसाहेब, तो वर्षातून एकदाचा कार्यक्रम..."

"विसर्जन," खंडेराव म्हणाले. आवाज शांत होता. "यमुनेत बंदी आली तेव्हापासून. इथे कुंड खणतो, पाणी भरतो, सगळ्यांचे गणपती विसर्जन करतो, आणि नंतर माती ओढून सपाट करतो. नदीला त्रास नको म्हणून. अवॉर्ड त्याचंच आहे."

"मी विचारलं होतं, इथे काय होतं म्हणून."

"पण तो वापर कुठे झाला ताई? ते विसर्जन आहे." ते मनापासून म्हणत होते. "त्याच्या बाजूला भाटी टाक्या चालवतो, म्हणून तर मला एवढा राग होता. म्हटलं, देवाच्या जागेत विष सोडतोय."

बाकीचं हाताने उकरावं लागलं. कादंबरीने खुरपी आणि ब्रश काढले, सगळ्यांना दूर ठेवलं, आणि चराच्या कडेने एकेक चेहरा मोकळा करत गेली. खाली जुनी वर्षं, वर नवी. खालच्या थरातले गणपती साधे, बसलेले. वरच्या थरात फॅशन बदलली होती: एक बासरी वाजवणारा, एक सोफ्यावर रेललेला. काही नुसते पोट आणि सोंड होते, काही जसेच्या तसे. पिवळी पितांबरं तर कालच रंगवल्यासारखी. तिने पिस्तूल एका पितांबराला लावलं. शिसं, क्रोमियम, चौपट. जोडपं घरी सापडलं.

"हा सगळा पिवळा रंग शिशाचा आहे," तिने सांगितलं. "खालचा पांढरा थर म्हणजे पीओपी. रंग सुटत सुटत मातीत उतरतोय."

"पण आपण सगळे शाडूचेच बसवतो!" इंदुमतीकाकू म्हणाल्या.

"शाडूचे विरघळले असतील काकू. जे दिसतायत ते शाडूचे नाहीत."

हे वाक्य जमावात हळूहळू पसरलं. मग लोकांनी चराकडे नीट पाहायला सुरुवात केली. ज्यांचा गणपती दिसत नव्हता ते पुढे सरकले. ज्यांचा दिसत होता ते पोहे घ्यायला मागे गेले. पातेल्याभोवती चांगलीच गर्दी झाली.

"तो बासरीवाला कोणाचा?" कोणीतरी विचारलं.

"कोणाचा का असेना, छान आहे," इंदुमतीकाकू घाईने म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ए, माझ्याकडे काय बघता? दुकानदाराने शपथ घेतली होती. मुलांची शपथ!"

"काकू, त्याला मुलं नाहीत," जयेश म्हणाला.

मग अगदी मधोमध, सगळ्यांत मोठा, सोनेरी. त्याच्या डोक्यावर खरा धातूचा मुकुट होता. वीतभर उंच, नळासारखा चमकणारा, आणि त्याच्या बरोबर मधून कादंबरीच्या ऑगरने गोल भोक पाडलेलं.

भिंतीवरून आवाज आला. "अरे! ये तो म्हारा मुकुट है!"

सगळे वळले. भाटी ड्रमवर डगमगला. "तीन साल पहले! सूबेदार साहब, आपने ही तो कहा था, अपने गणपति भी यहीं ले आओ, सब आपके ही हैं. मुकुट मैंने अपने हाथ से चढ़ाया था. पीतल पे डबल निकेल. मैडम, छेद आपने किया?"

"मी केला," कादंबरी म्हणाली. "सॉरी."

खंडेराव झटकन सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "म्हणजे निकेल भाटीचंच! ताई, लिहा. यानेही टाकलंय. सगळ्यांत मोठा तर त्याचाच."

"ठीक है जी, मेरा है. मुकुट वापस दे दो."

"विसर्जन झालेली वस्तू परत घेत नाहीत. एकदा विसर्जन झालं की देव गेला. मग ती नुसती माती."

"नुसती माती उरली असती तर मी इथे आले नसते," कादंबरी म्हणाली.

भाटीला मराठी कळत होतं, निदान त्याच्या फायद्यापुरतं. "देव गया, तो बचा हुआ किसका है? मेरा है तो मुकुट दो. आपका है तो ज़हर भी आपका. मुकुट आपका और ज़हर मेरा, ऐसा तो नहीं चलेगा ना सूबेदार साहब?"

 खंडेरावांनी कादंबरीला थोडं बाजूला घेतलं. खुर्च्यांवरची माणसं ऐकू येणार नाही असा चेहरा करून ऐकत होती.

"ताई, आमची बाजू समजून घ्या. समाजाने घाण केली असं लिहिलं तर साफ समाजालाच करावी लागेल. फाउंडेशन थांबेल. हॉस्टेल यंदा काही होत नाही. पोरं मुखर्जीनगरात. आणि वर लोक म्हणणार, इको-फ्रेंडलीवाले." त्यांनी आवाज उतरवला. "असं करा. कारण 'अज्ञात' लिहा. भाटीचं नावच नको. तुमच्यावरही काही येणार नाही."

"अज्ञात लिहिलं तर मंडळ काय करेल माहितीय? शेजारी कोणते कारखाने आहेत ते बघेल. शेजारी एकच आहे."

  कादंबरीला खरंच कुतूहल होतं, खंडेराव आता काय करतील याचं. मातीचं आता सगळं कळलं होतं. माणसांचं मात्र अजून काहीच नाही.

ते चराच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथे भाटीच्या सोनेरी गणपतीला टेकून एक मध्यम उंचीचा होता. पाय तुटलेले, पितांबर पिवळंजर्द. डोक्यावर कुजलेल्या कापडाचे दोन धागे आणि एक बारीक पितळी पिन. बाकी कोणाला त्यात काही दिसलं नाही. खंडेराव आपल्या गणपतीला दरवर्षी फेटा बांधायचे. रेजिमेंटच्या रंगाचा, पलटणीत बांधतात तसा कडक, आणि मागून पिन लावायचे. ती पिन दिसू नये म्हणून पदर तिच्यावरून घ्यायचे. हे फक्त त्यांनाच माहीत होतं. ते 'शाडूचाच पाहिजे' म्हणून दुकानात मूर्ती नखाने खरवडून बघायचे, आणि दुकानदार दरवर्षी तोंडभरून हसायचा. त्या हसण्याचा अर्थ त्यांना आत्ता लागत होता.

त्यांनी बूट काढायला सुरुवात केली.

"बूट घालूनच उतरा," कादंबरी म्हणाली. "शिसं आहे."

"देवापाशी बूट?"

"देव गेला म्हणालात ना."

ते बूट पुन्हा घट्ट बांधून चरात उतरले. भिंतीवरून काहीतरी येऊन पडलं: कोपरापर्यंतचे काळे रबरी हातमोजे, भाटीच्या टाक्यांवरचे. "पहन लो सूबेदार साहब. और मुँह पे भी कुछ बाँध लो."

खंडेरावांनी मोजे चढवले, रुमाल बांधला आणि फेटेवाल्याच्या काखेत हात घातले. मग वर न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा माझा. जाचकांचा. दरवर्षीचा. खाली अजूनही असतील." आणि जरा थांबून, "जयेश, ते सोमवारचं राहू दे. कागद इकडे दे."

"काका, त्याची सॉफ्ट कॉपीपण आहे."

"तीसुद्धा राहू दे."

कादंबरीने वही उघडली आणि 'संभाव्य स्रोत' या शीर्षकाखाली समाजाचं पूर्ण नाव लिहिलं. खंडेरावांनी रुमालाआडूनच ते पाहिलं, 'यमुनातीर' चा उकार बरोबर आहे ना एवढं बघून घेतलं, आणि परत वाकले.

पातेल्यापाशी कुजबुज झाली. इंदुमतीकाकूंनी हातातली पळी खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि चराच्या कडेपर्यंत आल्या. "अहो, तो बासरीवाला जपून. नाही म्हणजे, माझा आहे म्हणून नाही. म्हणजे आहेच माझा. पण बासरी वेगळी लावलेली आहे, ती हरवेल."

"शिशाच्या मातीत काकूंनी उतरू नये," कादंबरी म्हणाली. "आम्ही काढतो. ताडपत्री आणि पोती लागतील. हे सगळं साध्या कचऱ्यात नाही जाणार, घातक कचऱ्याच्या गाडीतून जाईल."

"बाप्पा? घातक कचऱ्याच्या गाडीतून?" मागून कोणीतरी कळवळून विचारलं.

"गाड़ी मैं बता दूँगा," भाटी म्हणाला. "हमारी बोरियाँ लेने आती है. ड्राइवर अच्छा आदमी है. हाथ जोड़ के चढ़ाएगा." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने एक पाय भिंतीवर टाकला. भिंत थरारली. मग दुसरा पाय आला, आणि सतबीर भाटी समाजाच्या जमिनीवर असा उतरला की पोह्यांच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं.

तो चराशी आला आणि आत शिरला. खंडेराव आपला गणपती ओढत होते, पण तो हलत नव्हता. भाटीने सोनेरी मूर्तीला खांदा लावला. दोघांनी श्वास धरून जोर केला. काहीच झालं नाही. भाटी वाकला, दोन्ही मूर्तींच्या मधली माती बोटाने उकरली आणि आत डोकावला.

"रुको, रुको, सूबेदार साहब. ज़ोर मत लगाओ. आपके वाले की सूँड हमारे वाले की बगल में फँसी है."

"मग आधी तुमचा काढा."

"हमारा कैसे निकलेगा? आपके ने पकड़ रखा है."

खंडेरावांनी कपाळावरचा घाम दंडाने पुसला, चराच्या भिंतीला टेकले आणि खाली बसले. भाटीही बसला. "दोन्ही एकदमच काढावे लागतील," ते म्हणाले. "मी एक-दो-तीन म्हणतो."

"तीन पे, या तीन के बाद?"